पाचवीचा कागद

नंदाच्या घरी कुणी पहिल्यांदा जेवायला बसलं, की त्याचं लक्ष ताटाच्या कडेकडे जायचंच. प्रत्येक ताटावर 'सौ. नंदा' असं नाव घातलेलं, खाली तारीख, २० जानेवारी १९९७. वाटीवर नंदा, पेल्यावर नंदा, आमटीच्या पळीवरसुद्धा नंदा. लोकांना वाटायचं, काय बाई ही हौस! सासऱ्यांचं नाही, नवऱ्याचं नाही, स्वतःचंच नाव. हौस कसली डोंबलाची. रागाच्या भरात घातलेली नावं आहेत ती, आणि राग कशाचा होता हे कळलं तर ऐकणाऱ्याचंही डोकं तापेल.

नंदाचं माहेर देवास गेटचं. वडील बस स्टँडवर तिकीटबाबू, आई घरी पापड लाटून विकणारी. हॉर्न आणि कंडक्टरच्या आरोळ्या ऐकत वाढलेली पोरगी, तिचा आवाज खणखणीत झाला यात नवल ते काय. लग्न होऊन ती त्याच शहरातल्या फ्रीगंजात, टॉवरच्या मागच्या गल्लीत आली. नवरा विलास बँकेत कारकून आणि स्वभावानं अगदी गाय. सासरे केव्हाच गेलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो सासूचा, म्हणजे अक्कांचा. पण नंदानं दोन वर्षांत पुढच्या खोलीत एसटीडी-पीसीओ टाकला. घरच्या सुनेनं परक्यांची रडगाणी ऐकत बसायचं, हे कुठलं खूळ, असं अक्का म्हणाल्या. केबिनला दार आहे, एवढंच नंदा म्हणाली. पिवळी पाटी रंगवणारा पेंटर महिनाभर आज देतो, उद्या देतो करत होता. नंदा जेवणाचा डबा घेऊन त्याच्या दुकानात जाऊन बसली आणि दोन दिवस तिथंच जेवली. तिसऱ्या दिवशी पाटी लागली. अशी ही बाई.

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले. घरात आनंदीआनंद. अक्कांनी तर पहिल्या महिन्यापासून तिला जड उचलू दिलं नाही, हे त्यांचं मोठेपण कबूल करायलाच हवं. सातव्या महिन्यात नंदा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नर्सिंग होममध्ये तपासायला गेली. तिथल्या डॉक्टर मीरा इंदूरहून शिकून नव्यानं आलेल्या, आणि प्रत्येक गरोदर बाईच्या रक्ताच्या चार तपासण्या जास्तीच्या करायची त्यांची पद्धत. त्या चारांतली एक पॉझिटिव्ह आली. हेपेटायटिस बी.

नंदानं विचारलं, म्हणजे मला काय झालंय? डॉक्टर म्हणाल्या, तसं पाहिलं तर काहीच नाही. लिव्हरची तपासणी चांगली आहे. पण या रोगाचा विषाणू तुझ्या रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम करून बसलाय. तो बाळाला पोटात फारसा त्रास देत नाही, त्याची खरी वेळ जन्माच्या वेळची, बाळाला आईचं रक्त लागतं तेव्हाची. मोठ्या माणसाच्या अंगात शिरला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून लावतं, पण जन्मतः शिरला तर दहातली नऊ बाळं त्याला जन्मभर वागवतात. काहींचं मग तिशी-चाळिशीत लिव्हर सडतं.

नंदाला एकदम तिचा गोपाळकृष्णमामा आठवला. आईचा सख्खा भाऊ. अडतिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेला. शेवटी पोट एवढं फुगलं होतं की कुशीवर वळता येत नव्हतं. मामानं उभ्या जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही, आणि सगळा मोहल्ला म्हणत राहिला की चोरून पीत असणार. मामी त्या बोलण्यानं आधी मेली आणि मामा नंतर. तिनं पोटावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाली, हे थांबवायचं कसं तेवढं सांगा, बाकीचं मी बघते.

थांबवता येतं, डॉक्टर म्हणाल्या. जन्मल्यापासून बारा तासांच्या आत बाळाला दोन सुया द्यायच्या, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारशक्तीचं औषध. पुढं महिन्यानं आणि सहा महिन्यांनी लस पुन्हा. लस फ्रीगंजात मिळते. दुसरं औषध महागडं, ते मुंबईहून इंदूरला मागवावं लागेल आणि थंड ठेवावं लागेल. तुमच्याकडे दिवसातून दोनदा लाईट जाते, तेव्हा ते दिवस भरत आल्यावरच आणा. अंगावर पाजायला काही हरकत नाही. आणि हो, एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं पाणी प्यायल्यानं हा रोग लागत नाही, हे घरी नीट सांगा.

घरी नीट सांगायचं काम नंदानं विलासवर सोपवलं, ही तिची चूक. विलासनं आईला काय सांगितलं देव जाणे, पण अक्कांच्या कानात शिरला तो एकच शब्द, पीलिया. त्यांनी स्वयंपाकातली हळद बंद केली, आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही असं आतापासूनच बजावलं. राम घाटावरून झाडाच्या मुळ्यांची माळ आणून सुनेच्या गळ्यात घातली. ती माळ रोज लांबते आणि कावीळ उतरते म्हणे. नंदानं दोन दिवस घातली, तिसऱ्या दिवशी खुंटीला लावली. इथवर ठीक होतं. मग एके दुपारी जेवायला बसताना तिला ताटाच्या कडेला लाल ठिपका दिसला. वाटीला ठिपका, पेल्याला ठिपका. ही भांडी मोरीच्या कोपऱ्यात वेगळी घासलेली. तिनं नखानं ठिपका खरवडून पाहिला. नेलपॉलिश होतं. तिचंच, लग्नातल्या पेटीतलं.

ठिपक्यापेक्षा त्या नेलपॉलिशनं तिचं डोकं जास्त फिरलं. माझीच बाटली, आणि मलाच बाजूला काढायला! त्यातच आदल्या दिवशी विलासचा रिपोर्ट आला होता, निगेटिव्ह. त्यावर अक्का शेजारणीला खिडकीतून म्हणाल्या होत्या की माझ्या मुलाला काही नाही, मग हिनं कुठून आणला कोण जाणे. हे बोलणं नंदानं केबिनमागे बसून ऐकलं होतं आणि गिळलं होतं. आता गिळवेना.

दुसऱ्या दिवशी अक्का पोथी वाचत असताना तिनं घरातली सगळी स्टीलची भांडी दोन पोत्यांत भरली. सव्वीस ताटं, पन्नासएक वाट्या, पेले, पळ्या, अक्कांच्या सासूबाईंचं नाव घातलेला तांब्यासुद्धा. आठवा लागलेली बाई, टेम्पोत पोती चढवून गोपाळ मंदिराजवळच्या भांडेवाल्याकडे गेली. लग्नात, वास्तुशांतीला आपण भांड्यांवर नावं घालून घेतो, तसं मशीन त्याच्याकडे होतं. त्यानं पोत्यांकडे पाहून विचारलं, भाभी, सब पे एक ही नाम? नंदा म्हणाली, सब पे, और बड़ा लिखना. संध्याकाळपर्यंत ते मशीन कुरकुरत राहिलं. त्या तांब्यावरचं जुनं नाव तिनं पुसू दिलं नाही. त्याच्या खाली आपलं घालून घेतलं.

रात्री तिनं अक्कांपुढे ताट वाढलं. अक्कांनी नाव वाचलं, वाटी उचलून पाहिली, पेला पाहिला, मांडणीकडे पाहिलं. नंदा म्हणाली, आता माझं ताट वेगळं काढा बघू. विलास मान खाली घालून हसू दाबत होता. अक्का जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागली तेव्हा जेवल्या, त्याच ताटात, करणार काय.

हे कुठून आलं, हा प्रश्न मात्र नंदालाही खात होताच. डॉक्टर म्हणाल्या, तुझ्या आईला घेऊन ये. आईचं रक्त तपासलं, तर पॉझिटिव्ह. म्हणजे आजीकडून मामाला आणि आईला, आणि आईकडून नंदाला. आई नर्सिंग होमच्या पायरीवरच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मीच दिलं गं तुला, मीच दिलं, हे एकच. नंदाला खाली बसता येत नव्हतं, ती तशीच उभी राहिली.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं, आई," ती म्हणाली. "मला सांगितलंय. एवढाच फरक आहे आपल्यात, आणि तो पुरेसा आहे."

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण नंदानं साफ सांगितलं की जिथं डॉक्टर मीरा आहेत तिथंच होईल. ठरलं असं, की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विलासनं इंदूरहून औषध आणायचं. पण बाळाला कुणाच्या ठरवण्याशी काय देणंघेणं! तेरा मार्चला पहाटेच कळा सुरू झाल्या. विलास थर्मास घेऊन इंदूरच्या बसकडे पळाला. डॉक्टरांनी त्याला तीनतीनदा बजावलं होतं की बाटली बर्फाला टेकू देऊ नकोस, गोठली तर वाया जाईल, फडक्यात गुंडाळ. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. सव्वासहा पौंडांची, केस भरपूर, आवाज आईचा.

आता मोजायचे होते बारा तास. नंदाच्या खाटेसमोर भिंतीवर घड्याळ होतं आणि ती त्याच्याकडेच बघत पडली होती. नर्सनं बाळाला स्वच्छ पुसून अक्कांच्या मांडीवर दिलं. अक्का खिडकीपाशी खुर्चीवर बसल्या आणि नातीकडे असं बघत राहिल्या की नंदाला त्यांच्यावरचा राग धरून ठेवणं जड गेलं. दुपार सरली. इंदूरच्या दुकानदाराकडे औषध होतं, पण मालक जेवायला गेलेला आणि किल्ली मालकापाशी. विलास दुकानाच्या पायरीवर अडीच तास बसला. बायकोचा पेंटरवाला किस्सा त्याला आठवला असणार. संध्याकाळी सहाला तो परत आला तेव्हा शर्ट घामानं चिकटलेला आणि थर्मास छातीशी धरलेला. बाटली तपासून झाली, ठीक होती. नर्स दोन सुया ट्रेमध्ये घेऊन आली.

आणि अक्कांनी बाळाला पदराखाली घेतलं.

पाचवी होईपर्यंत सुई नाही, त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, नुसत्या घट्ट बसल्या. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते, तोवर बाळ आपलं नसतं, त्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. पाचवी झाली की काय त्या दोनाच्या चार सुया द्या. नर्स हिंदीत समजावायला लागली. विलास आईच्या पाया पडायला निघाला. डॉक्टर मीरा दारात आल्या आणि म्हणाल्या, पाच दिवसांनी या सुयांचा उपयोग नाही, आणि ओढाताण करून मी तान्ह्या बाळाला सुई टोचणार नाही, घरातलं घरात ठरवा.

नंदा खाटेवरून उतरली. टाके ओढत होते, विलास धरायला आला तर त्याला तिनं हातानंच मागं सारलं. पाच पावलं चालत ती खुर्चीपाशी गेली. मनात होतं की पोर हिसकावून घ्यावी. पण जवळ गेल्यावर तिला अक्कांचे हात दिसले. ते बाळाच्या दोन्ही मांड्या झाकून बसले होते.

"विलासच्या आधी मला एक झाला होता," अक्का म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी कंपाउंडरनं सुई दिली. चौथ्या दिवशी गेला."

हे विलासलाही माहीत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं त्या बाईनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. नंदाला रडू आलं, आणि राग तर होताच, दोन्ही एकदम. समोर घड्याळात साडेसहा वाजले होते. तिनं अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का, तो कशानं गेला हे तुम्हाला कुणी धड सांगितलंच नाही. पण ही कशानं जाईल हे मला सांगितलंय. गोपाळकृष्णमामासारखी, पोट फुगून, आणि लोक वर काहीबाही बोलतील. सटवाई यायची ती पाचव्या रात्री येऊ दे. तिच्या आधी आपण दोन ओळी लिहू. मग तिला काय लिहायचं ते त्याच्या खाली लिहू दे."

अक्कांनी पदर आणखी घट्ट ओढला. नंदा म्हणाली, मुलीला माझ्याकडे देऊ नका, तुमच्याच मांडीवर असू दे. फक्त पाय धरा.

 मग अक्कांनी पदर बाजूला केला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दोन्ही हातांनी त्या बोटाएवढ्या पोटऱ्या धरल्या. नर्सनं उजव्या मांडीत एक सुई दिली, डाव्या मांडीत दुसरी. पोर अशी काही किंचाळली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. अक्कांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडानं त्या कुठल्या देवाचं नाव घेत होत्या ते समजत नव्हतं. पण हात सुटले नाहीत. नंदानं मुलीला तिथंच, भिंतीला टेकून उभ्याउभ्या छातीशी घेतलं आणि पाजलं. सासू बघत होती, आणि यावेळी अंगावरच्या दुधाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

डॉक्टर मीरांनी एक जाड कागदाचं कार्ड करून दिलं. त्यावर रकाने आखलेले. पहिल्या दोन ओळींत तारीख, वेळ, औषधाचं नाव, सही. खाली रिकामे रकाने, एका महिन्याचा, सहा महिन्यांचा, आणि सगळ्यात शेवटी पंधराव्या महिन्याचा. त्या वेळी रक्त तपासायचं आणि मगच काय ते कळणार.

पाचवीला घरी पाटा-वरवंटा मांडला. अक्कांनी हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य ठेवला, आणि सटवाईला लिहायला कोरा कागद आणि विलासचं बँकेतलं बॉलपेन ठेवलं. नंदा मुलीला घेऊन आली, खाली वाकली, कोरा कागद उचलला आणि त्या जागी कार्ड ठेवलं. अक्का म्हणाल्या, कोरा हवा असतो. नंदा म्हणाली, खाली जागा आहे की. अक्कांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग पेन उचलून त्यांनी ते कार्डावर, पहिल्या रिकाम्या रकान्यापाशी नीट आडवं ठेवलं.

एवढ्यावर अक्का बदलल्या असं कुणी समजू नये. ठिपक्यांबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही. नेलपॉलिशची बाटली कुठं गेली तेही सांगितलं नाही. स्वतः लस घ्यायला तर शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत, माझी आता राहिली किती वर्षं म्हणत. पण ते कार्ड त्यांनी देवघरातल्या डब्यात ठेवलं, आणि एक महिना झाला त्या सकाळी नंदाच्या आधी अक्काच चपला घालून दारात उभ्या. सहाव्या महिन्यालाही तसंच. मुलीचं नाव शर्वरी ठेवलं.

पंधरा महिने म्हणजे किती, हे रोज मोजणाऱ्यालाच ठाऊक. शर्वरी पालथी पडली, रांगली, पीसीओच्या केबिनची काच चाटायला लागली, आणि तिला जरा ताप आला की नंदा तिचे डोळे उजेडाकडे वळवून पिवळे दिसतात का बघायची. वरून हसतखेळत राहायची. आतून तिची घाबरगुंडी उडालेली असायची. कधी कधी गिऱ्हाईक केबिनमध्ये बोलत असताना ती हिशोब करायची, आजी, मामा, आई, मी. चार झाले. पाचवा आकडा पुरा होऊ द्यायचा नाही, असं ती स्वतःलाच दम दिल्यासारखं सांगायची.

जून १९९८मध्ये शर्वरीचं रक्त काढलं. चार दिवसांनी विलास रिपोर्ट घेऊन आला. पाकीट उघडायची त्याची छाती होईना, म्हणून नंदानंच फाडलं. इंग्रजीतला एकच शब्द तिला वाचायचा होता. निगेटिव्ह. तिनं तो तीनदा वाचला, मग मोठ्यानं वाचला. अक्का देवघरातून कार्ड घेऊन आल्या आणि विलासला म्हणाल्या, शेवटच्या रकान्यात लिही. विलास लिहायला लागला तर त्यांनी पेन काढून घेतलं आणि नंदाच्या हातात दिलं.

मग नंदा पीसीओच्या केबिनमध्ये गेली. माहेरी फोन नव्हता, पण शेजारच्या प्रतिभाकाकूंकडे होता. आईला बोलावून आणेपर्यंत ती कानाला फोन लावून उभी राहिली. आई धापा टाकत आली. नंदानं सांगितलं.  आई रडत असणार, पण यावेळी तिनं नंदाला ते ऐकू दिलं नाही. शेवटी तिनं विचारलं, आणि तुझं गं?

"माझं जिथल्या तिथं आहे," नंदा म्हणाली. "तुझंही आहे. तपासण्या करत राहायचं, आपण दोघींनी. पण त्याला आता आपल्या दोघींबरोबरच मरावं लागेल, आई. पुढचं दार मी बंद केलंय."

बाहेर अक्का शर्वरीला भरवत होत्या. भातानं माखलेल्या बोटानं पोरगी ताटाच्या कडेवरचं नाव गिरवत होती.